मात्स ऊर्फ इबेलिन

१८ नोव्हेंबर २०१४ रोजी ऑस्लोत मात्स स्टेन हा तरुण वारला. वय २५. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू झिजवत नेणारा आजार तो जन्मतःच घेऊन आला होता. हा दिवस येणार हे आईवडिलांना एकवीस वर्षं ठाऊक होतं, पण ठाऊक असण्याने दुःख हलकं झालं नाही. मात्स शेवटची अनेक वर्षं घराला जोडून असलेल्या आपल्या छोट्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटरसमोर असायचा. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नावाचा ऑनलाइन खेळ खेळायचा, आणि अलीकडे एक ब्लॉग लिहायचा. आता कळवायचं कोणाला? नातेवाईक होते, मदतनीस होते, डॉक्टर होते. मुलाचे स्वतःचे असे मित्र आईवडिलांच्या माहितीत जवळजवळ नव्हते. वडील रॉबर्ट यांच्याकडे ब्लॉगचा पासवर्ड होता. त्यांनी मुलगा गेल्याची बातमी तिथे लिहिली आणि कोणाला बोलावंसं वाटलं तर असू दे म्हणून खाली ईमेलचा पत्ता दिला.

पत्रं यायला लागली. एक आलं, मग दुसरं, मग थांबेनात. लिहिणारे वेगवेगळ्या देशांतले, आणि आईवडिलांना जवळजवळ सगळे अनोळखी. कोणी लिहिलं की माझ्या वाईट दिवसांत तो रोज माझ्याशी बोलला. कोणी लिहिलं की तुमच्या मुलामुळे माझं माझ्या मुलाशी नातं जुळलं. पत्रांत बऱ्याच ठिकाणी मात्स हे नाव नव्हतंच. तिथे होता इबेलिन.

रॉबर्ट आणि ट्रूडे या दांपत्याने पुढे वेळोवेळी सांगितलं आहे की, मुलगा मरणार याइतकंच दुसरं एक दुःख त्यांनी वर्षानुवर्षं उराशी धरलं होतं. त्याला मैत्री मिळाली नाही, प्रेम मिळालं नाही, कोणाच्या तरी आयुष्यात आपल्यामुळे काही फरक पडला हे समाधान मिळालं नाही, असं त्यांना वाटत होतं. ज्यासाठी ते रडत होते ते सगळं मुलाकडे होतं. त्यांच्याच घरात, एका भिंतीपलीकडे.

ही गोष्ट आता जगभर माहीत आहे. विकी शाउबर्ट या पत्रकार बाईंनी २०१९च्या सुरुवातीला ती नॉर्वेच्या एनआरके या सार्वजनिक प्रसारण संस्थेसाठी लिहिली, लगोलग ती बीबीसीवर इंग्रजीत आली आणि लाखो लोकांनी वाचली. २०२४ मध्ये बेंजामिन रे यांनी तिच्यावर केलेला ‘द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन’ हा माहितीपट सनडान्स महोत्सवात आला, त्याला तिथे प्रेक्षकांचा आणि दिग्दर्शनाचा असे दोन पुरस्कार मिळाले, आणि ऑक्टोबरमध्ये तो नेटफ्लिक्सवर लागला. आपल्याकडेही अनेकांनी तो पाहिला. पाहून लोक रडतात, आणि रडावं असाच तो आहे. पण रडून झाल्यावर बहुतेक जण जे म्हणतात ते मला पटत नाही, म्हणून हा लेख.

आधी आजाराबद्दल सांगायला हवं, कारण तो कळल्याशिवाय त्या मुलाने काय केलं ते कळत नाही.

आपण हात उचलतो, पाऊल टाकतो, तेव्हा स्नायूचा प्रत्येक तंतू आवळतो आणि सैल होतो. या ओढाताणीत तंतूचं आवरण फाटू नये म्हणून डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन त्याला आतून धरून ठेवतं. डुशेन असलेल्या मुलांच्या शरीरात ते बनतच नाही. त्यामुळे वापरला की स्नायू दुखावतो, दुखावला की शरीर दुरुस्ती करतं, आणि एक वेळ अशी येते की दुरुस्ती मागे पडते. स्नायूच्या जागी चरबी आणि तंतुमय ऊती भरत जातात. या मुलांच्या पोटऱ्या फुगीर दिसतात, पाहुणे कौतुकाने ‘पोरगं दणकट आहे’ म्हणतात, आणि तो फुगवटा आजाराचा असतो. जमिनीवरून उठताना मूल आधी हातापायांवर येतं आणि मग स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभं राहतं. डॉक्टरांना ही खूण ओळखीची आहे. दहा-बाराव्या वर्षाच्या आसपास चाकांची खुर्ची येते. नंतर हात, मग श्वासाचे स्नायू, मग हृदय. फ्रान्सच्या गियोम डुशेन यांनी एकोणिसाव्या शतकात या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, त्यामुळे आजार जवळजवळ नेहमी मुलग्यांना होतो. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला. आईकडून तो येऊ शकतो, पण सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये हा बदल नव्यानेच घडलेला असतो, आईकडे तो नसतोच. आपल्याकडच्या सासरच्या मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मात्सचा जन्म १९८९चा. लहानपणी तो फार पडायचा, पडल्यावर उठायला त्याला वेळ लागायचा. मे १९९३ मध्ये ऑस्लोच्या उलेवोल हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी आईवडिलांना समोर बसवून निदान सांगितलं. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होऊ घातला होता. रॉबर्ट यांना व्हिडिओ काढायची हौस होती, त्यामुळे मात्सचं बालपण चित्रफितींवर टिकून आहे. धावणारं मूल, मग अडखळत चालणारं, मग खुर्चीत बसलेलं आणि वाढदिवसाच्या मेणबत्त्यांसमोर मोठमोठ्या डोळ्यांनी पाहणारं. माहितीपटाच्या सुरुवातीला हे एकामागून एक येतं. आईबाप असलेल्या माणसाला ते पाहणं सोपं नाही.

नॉर्वे हा श्रीमंत आणि माणसांची काळजी घेणारा देश आहे. मात्सला जे लागलं ते जवळजवळ सगळं मिळालं. खुर्ची, उपचार, शाळेत मदतनीस, मोठेपणी स्वतःच्या जागेत राहता यावं म्हणून चोवीस तास माणसं. स्टेन कुटुंब खाऊनपिऊन सुखी होतं, वडील पुढे मजूर पक्षाकडून ऑस्लो शहराच्या कारभारी मंडळात गेले आणि आधी अर्थ, मग आरोग्य हे खातं त्यांनी सांभाळलं. प्रेमाची कमी नव्हती, पैशाची नव्हती, सरकारची नव्हती. एवढं सगळं असूनही सरकार देऊ शकत नाही अशी एक गोष्ट उरली होती, ती म्हणजे बरोबरीच्या वयाची माणसं. वर्गातली मुलं वाईट नव्हती. ती फुटबॉलला गेली, मग सिनेमाला गेली, मग प्रेमात पडली, आणि प्रत्येक पायरीला खुर्चीतला मुलगा थोडा मागे राहिला.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये आणि युरोपात २००५च्या सुरुवातीला बाजारात आला. ब्लिझार्ड या कंपनीचा खेळ. त्यात ॲझरॉथ नावाचं एक कल्पित जग आहे, डोंगर, जंगलं, गावं, खानावळी असलेलं, आणि एकाच वेळी हजारो खऱ्या माणसांची पात्रं त्यात हिंडत असतात. लढाया आहेत, राक्षस आहेत, ते आपण पोरांच्या खांद्यावरून डोकावून पाहतो आणि ‘मारामारीचा खेळ’ म्हणून निघून जातो. पण मात्स खेळायचा तो युरोपातल्या ‘आर्जंट डॉन’ या सर्व्हरवर, आणि तिथली रीत निराळी. तिथे लोक आपल्या पात्राच्या भूमिकेत राहून एकमेकांशी टाइप करून बोलतात. कोकणातल्या दशावतारात जसं आख्यान ठरलेलं असतं पण संवाद नट उभ्या उभ्या रचतो, तसंच. कोणी सरदार, कोणी चोर, कोणी वैद्य. ‘तो हसला’, ‘तिने खांद्यावर हात ठेवला’ अशी कृतीही लिहूनच करायची. म्हणजे या खेळात खरी मातब्बरी शब्दांची.

मात्सचं मुख्य पात्र इबेलिन रेडमूर. उमराव, गुप्तहेर, देखणा, आणि बायकांच्या बाबतीत जरा जास्तच रसिक. ‘स्टारलाइट’ नावाच्या सुमारे तीस जणांच्या गटात तो होता. या गटात सहज शिरता येत नसे, कोणीतरी शिफारस करावी लागे, काही काळ पारखलं जाई. आयुष्याच्या शेवटच्या दहा वर्षांत मात्सने या जगात १५ ते २० हजार तास घालवले असा अंदाज आहे. दिवसाला साडेपाच तास धरले तर दहा वर्षांत तेवढे होतात. आपल्या नोकरीला आपण याहून फार जास्त देत नाही.

किशोरवयात, खेळातल्या गोल्डशायर नावाच्या गावाजवळ, इबेलिन शेकोटीपाशी बसला होता. झुडपांतून एक मुलगी आली, त्याच्या डोक्यावरची टोपी पळवली आणि धूम ठोकली. तिच्या पात्राचं नाव रूमर. ती चालवणारी नेदरलँड्समधली, जवळपास त्याच्याच वयाची. मात्सने पुढे ब्लॉगवर प्रेमाबद्दल लिहिताना हा प्रसंग लिहिला. दोघांचं जमलं. पुढे अभ्यासात घसरण झाली म्हणून तिच्या आईवडिलांनी तिचा कॉम्प्युटर काढून घेतला. ती खचली. तेव्हा मात्सने तिच्या आईवडिलांना पत्र लिहिलं. नॉर्वेतल्या, स्वतः शाळकरी असलेल्या मुलाने हॉलंडमधल्या दोन मोठ्या माणसांना, तुमच्या मुलीला हे मित्र का लागतात ते समजावून सांगणारं पत्र. तिने दोघांच्या पात्रांचं एकमेकांना मिठी मारलेलं चित्र काढून त्याला पाठवलं होतं. ते घरात होतं, पण आईवडिलांना त्याचा अर्थ त्याच्या मृत्यूनंतर लागला.

एक बारीकशी गोष्ट रॉबर्ट यांनी सांगितली आहे आणि ती मला फार लागली. मात्स रात्री उशिरापर्यंत जागा राहायला धडपडे. आईवडिलांना वाटे, झोपेचं तंत्र बिघडतंय, तब्येतीला बरं नाही. त्याला रात्री ठरावीक वेळी मदतनीस अंथरुणावर घेत, कारण ती त्यांची वेळ. आणि बाकीची मंडळी दिवसभर शाळा-नोकऱ्या करून ऑनलाइन येत ती नेमकी त्याच सुमाराला. सगळे जमले की याची निघायची वेळ. तिकडे गटातल्यांना कळत नसे की हा इतका रंगलेला माणूस अचानक नाहीसा का होतो. इकडे घरच्यांना कळत नसे की हा झोपायला का भांडतो. चांगल्या हेतूने आखलेल्या वेळापत्रकाने एका तरुणाची संध्याकाळ खाल्ली, आणि यात वाईट कोणीच नव्हतं. अशा गोष्टी आपल्या घराघरांत होत असतात. ज्याचं सगळं दुसऱ्याच्या हाताने व्हायचं असतं त्याची संध्याकाळही दुसऱ्याच्या घड्याळाने संपते.

आजाराबद्दल मात्सने गटात अनेक वर्षं अवाक्षर काढलं नाही. बाकीचे माइकवरून बोलत, हा बोलत नसे. प्रत्यक्ष भेटायचं निघालं की टाळे. त्याची कारणं त्याने नंतर ब्लॉगवर लिहिली, इंग्रजीत, अगदी सरळ भाषेत. तिथे माझ्या बेड्या गळून पडतात, मी हवा तो होऊ शकतो, अशा अर्थाचं. लोक पडद्यावर खुर्ची पाहत नाहीत, माणूस पाहतात, आणि निवाडा करायचा तर त्या माणसाचा करतात.

याचा एक भाग असा की लोक त्याच्यावर रागावूही शकत होते, आणि रागावले. प्रकृती ढासळायला लागली तसा तो चिडचिडा झाला. टोचून बोलला, मैत्रिणींची मनं दुखावली, कुठे फसवल्यासारखं वागला, भांडणं झाली. माहितीपट हे लपवत नाही, आणि माझ्या मते तीच त्याची सर्वांत मोलाची जागा. अपंग तरुणाला आपल्याकडे (नॉर्वेतही फार वेगळं नसेल) चुकायची मुभा नसते. तो एक तर गोड असतो किंवा बिचारा असतो. त्याच्यावर कोणी संतापत नाही, संतापलं तर लगेच आवरतं घेतं, ‘जाऊ दे, आधीच त्याला एवढं...’. इबेलिनला असं कोणी म्हटलं नाही. त्याला सुनावलं, जाब विचारला, काही काळ त्याच्याशी अबोला धरला. त्यालाही मग माफी मागावी लागली, आणि ती मिळाली. दोन माणसं बरोबरीची असली की मैत्री अशीच होते. त्याने आजार लपवला हे काहींना खोटेपणाचं वाटेल. मला वाटतं, त्या लपवण्यामुळे त्याला पहिल्यांदा दोषी ठरायचा मान मिळाला.

अखेर त्याने आधी एका मैत्रिणीला सांगितलं, आणि मग ‘म्यूझिंग्ज ऑफ लाइफ’ या ब्लॉगमधून सगळ्यांना. इतकी वर्षं बोलत असलेला हा धिप्पाड गुप्तहेर आपली बोटं कशीबशी हलवून टाइप करतो, हे स्टारलाइटला तेव्हा कळलं. कोणी पळून गेलं नाही. एवढंच की पूर्वीचं पुष्कळ काही उलगडलं. तो रात्री का नाहीसा व्हायचा, माइकवर का यायचा नाही, भेटायला का यायचा नाही.

ज्या मैत्रिणीला त्याने प्रथम सांगितलं ती डेन्मार्कमधली एक आई होती. तिचा मुलगा ऑटिस्टिक, वाढत्या वयाचा. स्पर्श त्याला सहन होत नसे, आईने जवळ घेतलेलं चालत नसे, बोलणंही तुटत चाललं होतं. ही व्यथा तिने इबेलिनपाशी बोलून दाखवली. मात्सने सुचवलं, तुम्ही दोघं इथे या, एकत्र खेळा. हे साधं वाटतं. पण हा सल्ला देणारा स्वतः असा मुलगा होता ज्याचे आईवडील त्याच्या खेळात कधी आले नव्हते. मुलगा खेळात आला. आणि खेळात, टाइप करून, मुलाने आईला मिठी मारली. त्याला ती मिठी तिथे मारता येत होती. आई स्क्रीनसमोर बसून रडली. त्यानंतर दोघांमधलं अंतर घरातही कमी होत गेलं. स्टेन दांपत्याला आलेल्या पत्रांत ही गोष्टही होती.

अंत्यविधी ऑस्लोच्या पश्चिमेकडच्या दफनभूमीतल्या चॅपलमध्ये झाला. गटातले पाच जण वेगवेगळ्या देशांतून आले. प्रवासखर्च परवडणार नाही अशांसाठी बाकीच्यांनी पैसे जमवले. नातेवाईकांच्या रांगांमध्ये ही अनोळखी माणसं बसली होती, आणि ती सर्वांत जास्त रडत होती. त्यांच्यातला एक जण बोलायला उभा राहिला. आत्ता या घटकेला मात्ससाठी कुठे कुठे मेणबत्ती लागली आहे ते त्याने सांगितलं. नेदरलँड्समधला एक वर्ग, आयर्लंडमधलं कॉल सेंटर, स्वीडनमधलं वाचनालय, फिनलंडमधलं छोटंसं ब्यूटी पार्लर, डेन्मार्कमधली नगरपालिका कचेरी, इंग्लंडमधल्या कितीतरी जागा. आईवडिलांना त्यांच्या मुलाचा भूगोल त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

या गटातल्या कोणीतरी वर्षानुवर्षं सगळी संभाषणं जतन करून ठेवली होती. जवळपास ४२,००० पानं भरतील एवढी. दिग्दर्शक बेंजामिन रे यांना हा खजिना मिळाला. बुद्धिबळपटू मॅग्नस कार्लसनवर त्यांनी पूर्वी माहितीपट केला होता, ते मात्सच्याच वयाचे, आणि दोन्ही घरांची ओळख होती. पानांतून त्यांनी मात्सचं ॲझरॉथमधलं आयुष्य पुन्हा उभं केलं, खेळातल्याच चित्रांच्या धर्तीवर ॲनिमेशन करून. संवाद त्या वेळी प्रत्यक्ष टाइप झालेले, तेच. इबेलिनला आवाज दिला आहे एड लार्किन या अपंग नटाने. चित्रपट बराच पुढे गेल्यावर रे तो घेऊन ब्लिझार्डकडे कॅलिफोर्नियाला गेले आणि तेव्हा कुठे खेळाची दृश्यं वापरायची परवानगी मागितली. ती मिळाली. पुढे कंपनीने खेळात एक छोटा कोल्हा विक्रीला ठेवला आणि त्याचं उत्पन्न डुशेनवर काम करणाऱ्या ‘क्युअर डुशेन’ या संस्थेला दिलं.

चित्रपटाची रचना धीट आहे. पहिल्या भागात मात्सचं आयुष्य घरातून दिसतं, तसंच ते संपतं. मग तो मागे जातो आणि तीच वर्षं आतून दाखवतो. पहिल्या भागात खुर्चीतल्या मुलाची पाठ दिसते, पलीकडे उजळलेला पडदा. दुसऱ्या भागात आपण त्या पडद्याच्या आत असतो.

तर, लोक काय म्हणतात? ‘बिचारा शरीरातून सुटला, तिथे तरी धावला.’ इबेलिन खरोखर धावायचा. खेळात शिरल्यावर मात्स त्याला रोज अर्धा तास ठरलेल्या वाटेने पळवायचा, आणि स्टारलाइटचे लोक दर वर्षी त्याच्या आठवणीत ती दौड करतात. चित्रपटातला तो धावणारा इबेलिन डोळ्यांत भरतो, म्हणून सुटकेचा हा अर्थ सुचणं स्वाभाविक आहे. खुद्द मात्सनेच बेड्या म्हटलं होतं, मग मी कोण आक्षेप घेणारा? तरीही मला हा अर्थ अपुरा वाटतो. मात्स शरीराबाहेर कुठेही गेला नव्हता. रूमरच्या आईवडिलांना गेलेलं पत्र, डॅनिश आईला दिलेला सल्ला, टोचून बोललेलं वाक्य आणि नंतरची माफी, हे सगळं एकेक अक्षर करून त्याच बोटांनी उमटवलं. जेवढी ताकद उरत गेली तेवढीत. आपण दिवसभरात शंभर निरोप अंगठ्याने फेकतो. त्याला प्रत्येक शब्दाला श्रम पडत होते, आणि ते श्रम तो दुसऱ्याची विचारपूस करण्यात घालवत होता. डुशेन झालेलं शरीर काय काय करू शकतं याचा पुरावा म्हणजे इबेलिन. त्या शरीराला वगळून इबेलिनची स्तुती केली तर जो जगला त्यालाच बाहेर ठेवल्यासारखं होईल.

खेळाला जादूची कांडी समजायचंही कारण नाही. पोरांना स्क्रीनवरून ओढून काढणाऱ्या पालकांची काळजी खोटी नसते. एकटेपण वाढवणारे, पैसे उकळणारे खेळ पुष्कळ आहेत. मात्सला जे मिळालं ते ॲझरॉथच्या डोंगरांनी दिलं नाही. वर्षानुवर्षं टिकलेल्या, एकमेकांना पारखून घेतलेल्या तीस जणांनी दिलं, आणि टाइप करण्याच्या संथ रीतीने दिलं, जिच्यात दमलेल्या बोटांचा माणूस मागे पडत नाही. वेगवान बंदुकीच्या खेळात तो पहिल्या मिनिटाला बाद झाला असता.

आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफीला त्यात स्वतंत्र नाव मिळालं. प्रमाणपत्रावर टक्के लिहिले जातात, चाळीसच्या पुढे असाल तर सवलती. दुर्मिळ आजारांच्या २०२१च्या राष्ट्रीय धोरणात डुशेन आहे, आणि ठरावीक सरकारी केंद्रांमार्फत एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पण डुशेनवर अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या जनुक उपचाराची किंमत ३२ लाख डॉलर, आणि २०२५ मध्ये चालू न शकणाऱ्या दोन मुलांचा तो घेतल्यावर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला, तेव्हापासून त्याचा वापर मर्यादित केला आहे. आज बहुतेक घरांत उपाय म्हणजे स्टिरॉइड, फिजिओथेरपी, हृदयाची आणि श्वासाची वेळोवेळी तपासणी. या काळजीने आयुष्य वाढतं. पूर्वी विशीच्या आत जाणारी मुलं आता तिशीपर्यंत, काही त्याही पुढे जगतात. म्हणजे तारुण्य नावाचा एक काळ या मुलांच्या वाट्याला आला आहे, आणि तो कसा जायचा याचा विचार त्या मानाने कोणीच केलेला नाही.

नॉर्वेत जिथे मदतनिसांच्या पाळ्या होत्या तिथे आपल्याकडे आई असते. मुलाला उचलून रिक्षात बसवणारी, रात्रीतून चार-पाच वेळा उठून कूस बदलून देणारी, कारण त्याला स्वतः वळता येत नाही. चाळीस-पन्नास किलोचा वाढता मुलगा आणि पंचेचाळिशीची बाई, असं ते गणित. शाळेचे वरचे वर्ग पहिल्या मजल्यावर गेले की पुष्कळांचं शिक्षण तिथेच थांबतं. मग मुलगा घरी. खिडकीशेजारी कॉट, उशाला लावलेला चार्जर, हातात फोन. हा फोन घरात कधी कौतुकाचा असतो (‘त्याला सगळं येतं हं त्यातलं’), कधी कुरकुरीचा (‘दिवसभर तेच’). पाहुणे येतात, खुर्चीत बसतात, आवाज उगाच खाली आणून आईला विचारतात, डॉक्टर काय म्हणतात. तीही मुलासमोरच सांगते. त्याला कोणी काही विचारत नाही. विचारलं तर तो सांगेल, काल रात्री कोण कोण ऑनलाइन होतं, कोणाचं कोणाशी भांडण झालं, आणि कोणाला त्याने समजावलं.